बूट काढ, फौजी

"बूट काढ, फौजी," इनास सर माइकवरून म्हणाले.

चर्चमागचा हॉल. समोर दृढीकरण संस्काराची तयारी करणारी दीडएकशे मुलं. भिंतीला टेकून त्यांचे आईबाप. स्टेजवर मी. अंगात माझी खरी वर्दी, आणि वर्दीवर चंदेरी कागद चिकटवलेलं पुठ्ठ्याचं चिलखत. डोक्यावर पुठ्ठ्याचंच शिरस्त्राण, तारणाचं. हातात ढाल, तिच्यावर लाल अक्षरांत ‘विश्वास’. बायबलातल्या एका पत्रातला चिलखताचा उतारा सर मुलांना समजावून सांगत होते. ख्रिस्ती माणूस म्हणजे देवाचा सैनिक. एकेक वस्तू माझ्या अंगावर चढवत पायांपर्यंत आले होते.

"सर, बूट राहू द्या," मी हळू आवाजात म्हणालो.

"अरे काढ. मुलांना दिसू दे."

काढले. डाव्या बुटात पुढं कापूस कोंबलेला असतो, तो स्टेजवर पडला. माझ्या डाव्या पायाला पुढचा पंजा नाही. सुरुंगात गेला. सरांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत आहे.

"मोजापण," सर म्हणाले.

मोजा काढला. पुढच्या रांगेतल्या मुली "ई" करून एकमेकींना बिलगल्या. सरांनी हातातली छडी माझ्या पायाकडं रोखली.

"बघा मुलांनो. शांतीच्या सुवार्तेची पायताणं घातली नाहीत, की सैनिकाचं असं होतं."

मला वाटलं, आता संपलं. नव्हतं संपलं. कमरपट्टा राहिला होता.

"आणि सत्याचा पट्टा सैल असला तर?" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्याला धक्का दिला. जोरात नव्हता. पण बुटाशिवाय मला तोल सावरता येत नाही. मी आडवा झालो. ढाल माझ्याखाली चेपली.

"सैतानाला एक धक्का पुरतो!" सर म्हणाले.

हॉल हसला. मुलं हसली, आईबाप हसले.

मीही हसलो. ते मी लपवणार नाही. पडल्या पडल्या दात काढले, उठलो, अनवाणी पायांवर टाचा जुळवायचा प्रयत्न केला आणि सरांना सॅल्यूट ठोकला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती, जसिंता. ती तेवढी हसली नव्हती. मान खाली घालून नखं कुरतडत होती.

मी मिठागरातला. आजा मिठागरात राबला, बाप राबला. मीठ त्यांच्या टाचांत शिरलेलं असायचं, चरे पडायचे, त्यातून रक्त यायचं. आम्ही ख्रिस्ती आहोत पिढ्यान्‌पिढ्या. इनास सरही ख्रिस्ती. पण त्यांची केळीची वाडी, पानवेली, मोठं कौलारू घर, ओटीवर झोपाळा. त्यांचे वडील चर्चच्या कमिटीवर, मग काका, मग सर स्वतः. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि धर्मशिक्षणाचे प्रमुख झाले. सणाच्या मिरवणुकीत लाल झगा घालून छत्री धरायचा मान त्यांच्या घराचा. आमच्या आळीतल्या माणसाला तो झगा कधी मिळालेला मी पाहिला नाही. कुणी नाही म्हणत नाही. फक्त मिळत नाही.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही त्यांच्यापुढं बसलो होतो. बसलो म्हणजे दाराजवळ. आमच्या पायांना चिखल असतो, चटई खराब होते, म्हणून मिठागरातली मुलं दाराजवळ. एकदा मी विचारलं होतं, सर, येशूचे पाय पण चिखलाचेच असतील ना, तो तर चालत फिरायचा. सरांनी मला उभं केलं. म्हणाले, "तू ख्रिस्ताचा सैनिक आहेस. सैनिक प्रश्न विचारत नाही." वर्ग सुटेपर्यंत उभा होतो. पोटऱ्या दुखल्या, पण छाती फुगली होती. सैनिक! आमच्या आळीत मला असं काही कुणी म्हटलेलं नव्हतं.

दहावीनंतर भरतीला गेलो तो त्याच शब्दाच्या मागं. आता विचार करतो तेव्हा हसू येत नाही.

बारा वर्षं नोकरी केली. काश्मीरच्या बाजूला सुरुंगावर पाय पडला. घरी आलो. एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. गाड्यांचे नंबर लिहायचे, गेट उघडायचं. मग कारगिल झालं. टीव्हीवर रात्रंदिवस वर्दी दिसायला लागली आणि गावाला एकदम आठवलं, आपल्याकडंही एक फौजी आहे. त्यानंतर दोन वर्षांनी सरांनी या कार्यक्रमासाठी हॉलच्या दारावर बोर्ड लावला, ‘कारगिल वीर आपल्या भेटीला’.

मी म्हटलं, "सर, मी कारगिलला नव्हतो. माझा पाय त्याच्या आधीच गेला."

"काय फरक पडतो?" सर म्हणाले. "मुलांना कळायला सोपं."

त्या दिवशी हॉलमधून घरी आलो. जसिंता पुढं चालत होती. घरी तिनं दप्तर टाकलं आणि आईला सगळं सांगितलं. फिलू, माझी बायको, सुकट निवडत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"त्यांनी ढकलला ते ढकलला," ती म्हणाली. "तुमी कशाला हसलात? तुमाला कोनी सांगितलेला हसायला?"

जसिंता म्हणाली, "पप्पा, ते सगळे तुमच्या पायाला हसले. मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलणार."

काहीतरी बोलणार. तेरा वर्षांच्या पोरीला वाटलं होतं की बाप बोलेल. बाप सॅल्यूट मारून आला.

दिवस ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे होते. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. भिंतीवरच्या येशूच्या छळाच्या चौदा चित्रांपुढून आम्ही सगळे सरकत होतो. वाचायला माइकवर इनास सरच. शिपायांनी येशूला झगा चढवला, डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवला, हातात वेत दिला, त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि हसले. सरांचा आवाज भरून आला होता. बाया डोळे पुसत होत्या.

हे मी जन्मभर ऐकत आलो होतो. त्या शुक्रवारी पहिल्यांदा ऐकलं. शिपायांनी सजवलं आणि हसले. शिपायांनीच खिळे ठोकले. शिपायांनीच त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या. आणि तो चिलखताचा उतारा ज्यानं लिहिला तो कोण होता? कैदी. साखळीत बांधलेला. त्याच्यापुढं एक शिपाई पहाऱ्याला उभा असणार, म्हणून त्याला चिलखत दिसलं असणार. त्यानं ते शिपायाच्या अंगावरून काढून गरीब, मार खाणाऱ्या माणसांना दिलं. सत्य, न्याय, शांती, एवढंच तुमचं हत्यार म्हणाला. आमच्या हॉलमध्ये ते पुन्हा उलटं फिरलं. बळी कोण आणि शिपाई कोण, ते मला त्या दिवशी समजलं नव्हतं. कारण वर्दी माझ्या अंगात होती.

पुढच्या चित्रापुढं सगळे गुडघ्यावर गेले. मी उभा राहिलो. बाजूच्या माणसानं माझी बाही ओढली. मी नाही बसलो.

ईस्टरनंतर पालकांची सभा झाली. तोच हॉल. दृढीकरण द्यायला बिशप येणार होते. मुलांनी गावच्या क्रुसापासून चर्चपर्यंत संचलन करत जायचं, मुलांच्या हातात लाकडी तलवारी, मुलींच्या हातात ढाली. फादर तरुण होते, नवीनच बदली होऊन आलेले. ते खुर्चीवर बसून मान हलवत होते. इनास सरांनी वहीतून वाचलं, "पुढं आपले फौजी राहतील. पूर्ण वर्दी, मेडल. बूट घालून हं या वेळी." दोनचार जण हसले.

मला विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

मी मागून उठलो. "मी येणार नाही."

"काय?"

"मी येणार नाही, सर. आणि माझी मुलगी ढाल घेऊन चालणार नाही."

सर चष्म्यावरून बघत राहिले. "अरे, ही देवाची सेवा आहे. तुला हुकूम पाळायची सवय असेल असं मला वाटलं होतं."

"सवय होती. म्हणून तर त्या दिवशी बूट काढले."

मी खुर्चीची पाठ धरली आणि बोलत गेलो. काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण आयुष्यात तेवढंच बोललोय.

"तुम्हाला सैनिक मुलांना दाखवायचाय ना? दाखवतो. मी एका माणसाला मारला. पंचवीस पावलांवरून. त्याच्या हातात बंदूक होती, माझ्या हातात होती, माझी आधी चालली. नंतर त्याचे खिसे तपासायचं काम माझ्याकडं आलं. खिशात कंगवा होता आणि चार अक्रोड. एक फोडलेला, अर्धा खाल्लेला. तो सैतान नव्हता. तो अक्रोड खात होता. मी त्याबद्दल तीन फादरांपुढं पापनिवेदन केलं. तिघांनीही क्षमा दिली. मला अजून अक्रोड खाता येत नाही. हे सांगा मुलांना. सांगणार? नाही ना. मग लाकडी तलवारी देऊ नका त्यांच्या हातात."

कुणीतरी म्हणालं, "बस खाली."

"नाही बसत. आणखी एक. माझा पाय सुवार्तेची पायताणं नव्हती म्हणून नाही गेला. मला तिकडं पाठवलं म्हणून गेला. तुमच्या वाडीतला कोण गेला होता भरतीला? एक नाव सांगा, सर. गेलो आम्ही, मिठागरातले. मरायला आम्ही सैनिक. आणि सणाला झगा घालायला?"

सरांचा चेहरा काळा पडला. ते माइक तोंडाशी घेऊन म्हणाले, "मिठागरवाल्यांची मस्ती वाढलीय. फादर, याच्या मुलीचं नाव यादीतून काढावं लागेल. घरात असा आत्मा असेल तर संस्कार कसला द्यायचा?"

फादरांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला.

तेवढ्यात फिलू उठली. ती सभेत कधी तोंड उघडत नाही. ती फादरांकडं बघून म्हणाली, "फादर, माज्या पोरीचा नाव काडायचा असेल तर तुमी काडा. तुमच्या हातानी. आनि कारन लिवा."

फादरांनी नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. चहा घेतला. म्हणाले, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण सर ज्येष्ठ आहेत, चर्चसाठी त्यांनी खूप केलंय. एकदा जाऊन माफी मागा, प्रकरण मिटेल. मी म्हटलं, "फादर, धक्का कुणी दिला?" ते म्हणाले, "त्यांचा हेतू वाईट नव्हता." मी म्हटलं, "मग मी हेतूला माफ करतो. हात ज्यांचा होता त्यांनी यावं." ते कप ठेवून गेले. ते पुन्हा आले नाहीत, सरही आले नाहीत.

बिशप आले त्या सकाळी संचलन झालं. बँड होता. लाकडी तलवारी होत्या. आमच्या आळीतली सहा मुलं त्यात नव्हती. ती जसिंताबरोबर मागून, रिकाम्या हातांनी, नेहमीसारखी चालत गेली. रस्त्यावरची माणसं बघत होती. माझी मुलगी ताठ मानेनं चालली. बिशपांनी तिच्या कपाळाला दृढीकरणाचं तेल लावलं. मी मागं उभा होतो, साध्या शर्टात.

किंमत मोजली. आमच्या घरी आजारी माणसाला ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारे येईनासे झाले. माझ्या आईच्या अंत्यविधीला गायनमंडळ आलं नाही. सगळे त्या दिवशी कामात होते म्हणे. नातेवाईक म्हणाले, कशाला अंगावर घेतलंस. मेव्हणा म्हणाला, सोड हे चर्च, दुसरीकडं जा, गल्लोगल्ली प्रार्थनासभा आहेत. मी गेलो नाही. हे चर्च इनास सरांच्या बापाचं नाही. त्याच्या भिंतीसाठी माझ्या आज्यानं बैलगाडीतून दगड वाहिलेत. मी दर रविवारी जातो. पूर्वी दाराजवळ बसायचो. आता पुढून दुसऱ्या बाकावर बसतो. तिथं बसणारी दोन घरं उठून गेली. जाऊ देत.

पुढच्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात पुन्हा तोच पुठ्ठा आला, त्यात दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं. मग आम्ही आमच्या आळीतल्या क्रुसापुढं मुलांचा वर्ग सुरू केला. दर शनिवारी चार वाजता. सगळी मुलं चटईवर बसतात, पाय कसेही असोत. शिकवायला जसिंता आहे, आळीतली एक नर्स आहे, मी आहे. कैद्याचं पत्र आम्ही कैद्याचं म्हणून वाचतो. मुलं विचारतात, येशू घाबरला होता का. मी सांगतो, हो, घाम फुटला होता त्याला.

गेल्या महिन्यात सरांचा निरोप आला. कमिटीच्या परवानगीशिवाय वर्ग चालणार नाही, बंद करा. निरोप आणणाऱ्याला मी उभ्या उभ्याच सांगितलं, वर्ग बंद होणार नाही. ज्याला बंद करायचाय त्यानं शनिवारी चार वाजता स्वतः यावं, चटईवर मुलांमध्ये बसावं, आणि कारण मुलांना सांगावं. चिठ्ठी घेणार नाही. निरोप घेणार नाही.