गव्यांसाठी पेरलेलं कडवळ

ट्रॅक्टर चालवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठत जातात. कुणाच्या रानात जावं, काम करावं, निघून यावं म्हटलं तरी परत येताना एखादा मागे लागलेला असतो. मी फौजेत सतरा वर्षं गाड्या चालवल्या. तिथलं काही सांगायला घेतलं की घरातले उठून कामाला लागतात. पण गेल्या हंगामात आमच्या वाडीत जे झालं ते सांगायला बसलो, तर मेढ्याच्या स्टँडवर लोक मला चहा पाजून ऐकतात. त्यांना हसू येतं. मला अजून संताप येतो.

आधी मामला काय ते सांगतो. आमची वाडी जावळीत, डोंगराला टेकून. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की जंगलातून गवे उतरतात आणि एका फेरीत चार जणांचं पीक आडवं करून जातात. त्यावर काही लोकांनी काढलेला उपाय म्हणजे बांधावरून उघडी तार न्यायची आणि तिच्यात करंट सोडायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तारेला माझ्या थोरल्या वहिनीचा हात लागला. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही. ज्याची तार होती त्यानं ती दुसऱ्या दिवशी गुंडाळून ठेवली आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर काढली.

म्हणून मी ग्रामसभेत उभा राहिलो. म्हटलं, जंगलाच्या कडेला आपल्या मालकीचे पाच छोटे तुकडे निवडू, मी फुकट नांगरून देतो. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, मका, चवळी पेरू. गव्यांना वरच खायला मिळालं तर खाली कशाला येतील?

सगळे हसले. नामदेवतात्या म्हणाले, "फौजी आता गव्यांस्नी जेवणावळी घालणार." या तात्यांकडे वाडीतलं सगळ्यात मोठं भाताचं रान आणि तारेचं सगळ्यात मोठं भेंडोळं.

शेवटी सरपंचबाईंनी एक हंगाम दिला. कापणीपर्यंत एकाच्याही भातात गवा शिरला नाही तर तार कायमची बंद. एकाच्या जरी शिरला, तर त्या कुणाला अडवणार नाहीत. करंट सोडणं गुन्हा आहे हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी मला पैज लावावी लागली!

*

पहिला किस्सा जमिनीचाच. पाच जणांनी पाच तुकडे दिले, प्रत्येकी तीन-चार गुंठे. मी ट्रॅक्टर घेऊन वर गेलो आणि बघतच राहिलो. एक सोडून बाकी सगळ्यांनी मिळून डोंगरातला निवडक धोंडा मला दिला होता. एका तुकड्यात तर माती कुठे आहे ते विचारावं लागलं.

दोन दिवस नुसती घाणेरीची झुडपं उपटण्यात गेले. तिसऱ्या दिवशी उताराला आडवी नांगरट सुरू केली, म्हणजे पावसात माती वाहून जाऊ नये. दहा पावलं गेलो नाही तोच फाळ मोडला. बदलला. दुपारी दुसरा मोडला. तुकड्याचा मालक बांधावर बसून शेंगा खात होता.

मी म्हटलं, "आवं, ही काय जमीन हाय व्हय? जरा बरी पट्टी दिली असती."

तो म्हणाला, "बऱ्या पट्टीत आमी पेरतो की. गव्याचा जबडा दांडगा असतोय, चावंल."

*

बियाणं पुण्याच्या एका संस्थेनं दिलं. फुकट. फुकट मिळतं तेव्हा फॉर्म भरावा लागतो, हे मला फौजेपासून माहीत आहे. त्यांचे साहेब गाडीतून आले आणि बॉनेटवर कागद पसरला. त्यावर लिहिलं होतं, 'लाभार्थ्याचे नाव' आणि खाली 'सही अथवा अंगठा'.

मी म्हटलं, लिहा माझं नाव. साहेब म्हणाले, "तुम्ही नाही. बियाण्याचा लाभ कोणाला होणार?"

"गव्यांना."

"मग तुमचं नाव कसं लिहिणार?"

आता याला काय म्हणावं? अर्धा तास आमचा वाद. शेवटी आप्पा पुढे झाले. आप्पा सत्तरीचे, वाडीत त्यांच्याइतकी देखणी शेती कुणाची नाही, आणि पाचांपैकी एकट्या त्यांनीच बरा तुकडा दिला होता. ते शांतपणे म्हणाले, "सायब, अंगठा न्हाई त्याला. खूर चालंल का?"

साहेबांनी माझी सही घेतली, पण लाभार्थ्यासोबत फोटो मात्र पाहिजेच म्हणाले. भर दुपारी गवा कुठून आणणार? त्यांना तीनच्या आत सातारा गाठायचा होता. त्यांच्या अहवालात बियाण्याच्या पोत्याशेजारी जो गवा उभा आहे, ती आप्पांची म्हैस आहे. गळ्यात घंटा दिसते.

*

पेरणी झाली, कडवळ कमरेएवढं आलं आणि चोऱ्या सुरू झाल्या. गव्यांच्या नव्हेत, माणसांच्या. रोज कुठला ना कुठला तुकडा विळ्यानं कापलेला. पाच तुकडे राखायला मी एकटा.

एकाला डोक्यावरच्या भाऱ्यासकट धरला. म्हटलं, लाज वाटत नाही का, हे रानातल्या जनावरांचं आहे. तर उलट मलाच म्हणतो, "मग माझी म्हस काय माडीवर ऱ्हाती?"

माझं डोकं फिरलं. तीन दिवस वाडीत ज्याला त्याला सुनावत सुटलो. देवळापाशी, पाणवठ्यापाशी, दुकानात. लोकांची तार आपल्या माणसांना लागते, तेव्हा कुठे जातात हे म्हशीवाले, असंही बोललो. चौथ्या दिवशी सकाळी आमच्याच गोठ्यात गेलो, तर गव्हाणीत कडवळ. हिरवंगार, ताजं.

वहिनी डाव्या हातानं शेणाची पाटी उचलत होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "भावजी, वरडू नगा. डाव्या हातानं कितीसं कापून हुतंय? त्यांच्यापुरतं ठेवलंय."

त्या दिवसापासून मी वाडीत कुणाला काही बोललो नाही.

*

पर्यटकांचं एकच सांगतो. एक मोठी गाडी रस्ता सोडून थेट चवळीच्या तुकड्यात घुसली. आतून पाच-सहा जण उतरले, वेफर्सची पाकिटं फोडली आणि चवळीवर चटई अंथरली. मी वरून पळत आलो, धाप लागलेली. काही बोलणार तोच गॉगलवाला म्हणाला, "अंकल, गव्यांचं टायमिंग काय आहे?"

मी म्हटलं, "सकाळची शिफ्ट सुटली. दुसरी शिफ्ट गाडीच्या मागं उभी हाय."

गाडी ज्या वेगानं गेली त्यात उरलीसुरली चवळीही गेली. चूक माझीच, कबूल करतो.

*

पण खरा संताप मला आणला तो आप्पांनी.

आप्पांचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. जंगलातून उतरणारी वाट त्याच्या कडेनं जाते आणि तात्यांच्या भाताचा बांध त्याला लागून. गवे तिथं थांबले तर पैज जिंकली. आप्पांना मी सांगितलं होतं, काही करू नका, नुसतं उगवू द्या. रानटी गवतही राहू द्या, त्यांना ते आवडतं.

पण आयुष्यभर ज्यानं बांधावर काडी उगवू दिली नाही त्याच्या डोळ्यांना ते कसं बघवावं? आठ दिवसांनी गेलो तर तण साफ. गवताचं पातं शिल्लक नाही. मी म्हटलं, आप्पा, हे काय केलंत? म्हणाले, "लोक रस्त्यानं जात्यात. म्हणतील आप्पाचं रान हाय आन् तण वाढलंय." मग त्यांनी युरिया दिला. मग बुंध्याशी मातीची भर घातली. कडवळ असं आलं की वाडीतले लोक मुद्दाम बघायला जायचे.

इथवर मी सोसलं. एके दिवशी सांजेला वर ट्रॅक्टर लावत होतो, तर डबा बडवल्याचा आवाज. धावत गेलो. जंगलाच्या तोंडाशी सात गवे, पुढे एक मोठा नर, आणि त्यांच्यासमोर धोतराचा सोगा खोचून आप्पा. तेलाचा डबा बडवत, शिव्या देत त्यांना परत हाकलत होते. बरोबर बुजगावणंही आणलं होतं, माझ्याच जुन्या फौजी शर्टाचं.

गवे गेले. मी तिथं खाली बसलो. आवाज चढवूनच बोललो, "आप्पा, त्यांच्यासाठीच पेरलंय न्हवं? आता उपाशी जनावर खाली भातात शिरलं तर? उद्या तारा लागतील. वहिनीचा हात बघितलाय न्हवं तुमी?"

आप्पांनी डबा खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, जणू शेतीतलं ओ की ठो कळत नसलेला माणूस मी. म्हणाले, "खाऊ देत की रं. मी कुठं न्हाई म्हणतोय? पर आजून आठ दिसात कणसं भरतील. कवळं खाऊन काय अंगाला लागतंय?"

आठ दिवस मी झोपलो नाही. नवव्या दिवशी आप्पांनी स्वतः बुजगावणं काढलं.

*

कापणी झाली आणि ग्रामसभा भरली. देवळात पाय ठेवायला जागा नाही. वहिनीही आल्या, बायकांच्या पुढच्या रांगेत बसल्या. तात्या खांबाला टेकून बसलेले, चेहरा असा की आता भांडण होणार हे सगळ्यांना कळलं.

सरपंचबाई म्हणाल्या, "ज्याच्या ज्याच्या भातात गवा शिरला त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. सगळे तात्यांकडे बघायला लागले, कारण गव्यांच्या वाटेवरचं पहिलं भात त्यांचं. त्यांनी हात वर केला असता तर कोण खोटं ठरवणार होतं?

तात्या ताडकन उठले. रागानं मिशा थरथरत होत्या.

"न्हाई शिरला," ते म्हणाले. "कसा शिरंल? रोज सांजेला मी सवता बांधावर हुबा हुतो. माझ्या डोळ्यादेखत आले. सात न्हाई, अकरा. माझ्या भाताच्या कडंकडंनं गेले आन् आप्पाच्या कडवळात जाऊन हुबे ऱ्हायले. माझ्या भाताकडं एकानं मान वळवली न्हाई. इंद्रायणी हाय माझी! सबंध जावळीत असलं भात दाखवा. काय कमी हाय त्यात?"

देवळात कुणी हसेना. आप्पा खाली बघून धोतराची निरी नीट करत होते.

तात्या माझ्याकडे वळले. "फौजी, फुडल्या साली हिरीकडची पट्टी नांगरायला ट्रॅक्टर घिऊन ये. कडवळ मीबी पेरतो. मग बघू गवं कुणाच्या रानात येत्यात."