बंद इंटरकॉमवरची बाई

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. माझी बायको मेघना मनापासून वाचते, घाबरते, आणि मी शेजारी बसून एकेका गोष्टीतल्या चुका काढतो... ही मांजर असणार, हे अर्धवट झोपेत झालं असणार, इथे वायर लूज असणार. माझं कामच ते आहे. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कुवेतमध्ये एका मेंटेनन्स कंपनीत. एखादी वस्तू करंटशिवाय चालली असं कुणी म्हणालं की मला हसू यायचं. आता येत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्याच घरात जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, आणि नंतर स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडूनही पाहिलं.

आम्ही फिंतासमध्ये राहतो. जुनी बिल्डिंग, चौथा मजला. हॉलला लागून बाल्कनी, तिथून एगैलाचे मॉल दिसतात. घरात मी, मेघना, आमची सात वर्षांची इरा, आणि त्या वेळी आई आली होती लातूरहून. आई आयुष्यभर गावात राहिलेली. मराठी सोडून दुसरी भाषा तिला येत नाही, हिंदीसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा.

त्या शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाची गर्दी ओसरली आणि अचानक आभाळ काळंकुट्ट झालं. कुवेतमध्ये पाऊस तसा कमी, आणि हा तर नुसता पाऊस नव्हताच... गारा! लिंबाएवढ्या गारा. बाहेरच्या गाड्यांवर ताशा वाजवल्यासारखा आवाज. बघता बघता खालचा रस्ता पांढरा झाला. इरा नाचत होती, "बाबा, इट्स स्नोइंग!" आई बाल्कनीच्या काचेला नाक लावून म्हणाली, "वाळवंटात बरफ! गावात सांगितलं तर खोटं म्हणतील."

आणि लाइट गेली.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, वर येऊन सांगून गेला की तळघरातल्या मेन पॅनलच्या खोलीत पाणी शिरलंय, आज काही खरं नाही. मी खाली जाऊन बघून आलो. खरंच घोटाभर पाणी होतं. पॅनलला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मेन स्विच ऑफ, संपूर्ण बिल्डिंग डेड. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून ठासून सांगतोय... एकाही घरात वीज नव्हती.

इथली थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटतं वाळवंटात कसली थंडी. टाइल्सची जमीन, काचेचे दरवाजे, त्यात गारांवरून येणारं वारं. हीटर बंद. आमच्या बिल्डिंगमध्ये गॅस सिलिंडर चालत नाही, शेगडी इलेक्ट्रिकची, त्यामुळे चहासुद्धा बंद. मग मी डोकं चालवलं. वीकेंडला खैरानच्या समुद्रावर जातो तेव्हाची कोळशाची छोटी शेगडी बाल्कनीत होती, ती पेटवली. चहा झाला, खिचडी झाली. सगळे एकदम पिकनिकच्या मूडमध्ये. इरा शेगडीजवळून हलेना. मग वारा वाढला, निखारे उडायला लागले, तेव्हा मी शेगडी उचलून हॉलमध्ये घेतली, बाल्कनीच्या दाराशी ठेवली आणि दार लावून घेतलं. धूर नव्हताच. नुसते लाल निखारे. हॉल कसा छान उबदार झाला.

तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

इरा सोफ्यावर ब्लँकेटमध्ये गुरगुटून झोपली. मेघना म्हणाली, "डोकं जड झालंय रे, सायनस बहुतेक," आणि तीही तिच्या पायाशी कलंडली. मी खाली गालिच्यावर बसलो होतो, मोबाइल हातात. सुस्ती येत होती. मला वाटलं, पोट भरलंय, ऊब आहे, येणारच. आई तेवढी स्वयंपाकघरात होती. मेणबत्ती लावून मेथी निवडत बसली होती. कुठेही गेली तरी स्वयंपाकघराची खिडकी किलकिली ठेवायची तिची सवय, आणि तिने हॉलकडचं दार ओढून घेतलं होतं. मगरिबची अजान होऊन गेली होती, बाहेर नुकताच अंधार पडला होता.

आणि बेल वाजली.

दाराची नाही. इंटरकॉमची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पिवळट पडलेला जुना रिसीव्हर आहे, पूर्वी खालच्या गेटवरून कुणी बटण दाबलं की तो वाजायचा म्हणे. आम्ही राहायला आलो तेव्हापासून बंद. घर्रर्र... घर्रर्र... असा कर्कश, लांबलचक आवाज. मी तो त्याआधी कधीच ऐकला नव्हता. आणि माझ्या सुस्तावलेल्या डोक्यात एकच विचार आला, चला, लाइट आली. हात वर करून भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

आतून आईचा आवाज. "हां... हां, बोला की... कोण?" मग जरा वेळ शांत. मग, "अगं बाई... हां, उघडते. उघडते."

दार उघडून आई हॉलमधून तरातरा बाल्कनीकडे निघाली. मी वैतागून म्हणालो, "आई, काय करायलीस? गार वारं येईल."

"ती बाई म्हणायलीय, दारं-खिडक्या उघडा."

"कोण बाई?"

"खालची." आणि तिने बाल्कनीचं दार धाडकन पूर्ण उघडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि म्हणली, लेकरू झोपलं न्हाई. त्याला उठवा."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. लेकरू झोपलं न्हाई.

मी इराकडे पाहिलं. ती तर झोपलेलीच दिसत होती... गाल लाल, तोंड थोडं उघडं. "इरा," मी हाक मारली. पुन्हा मारली. खांदा हलवला. तिची मान एका बाजूला गळून पडली. मी उठायला गेलो तर माझेच पाय जागेवर नव्हते. मेघनाला ढोसलं, ती "हं" म्हणाली आणि डोळे उघडलेच नाहीत तिने. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोळसा! बंद खोलीत कोळसा!

आई तोवर मुख्य दारही उघडून जिन्यात ओरडत होती, "कुणी हाय का! ओ! कुणी हाय का!"

समोरच्या फ्लॅटचं दार आधीच उघडं होतं. तिथे इजिप्शियन कुटुंब राहतं, त्यातल्या कर्त्या माणसाला सगळे अबू करीम म्हणतात. ते टॉर्च घेऊन दारात उभे, मला बघून म्हणाले, "यू हॅव कहरबा?" कहरबा म्हणजे वीज. तुमच्याकडे वीज आहे का, म्हणून विचारत होते ते! मी इराला उचलून कसाबसा दारापर्यंत आलो होतो, तिला छातीशी धरून भिंतीला टेकलो होतो. पुढचं काही बोलावं लागलं नाही त्यांना. त्यांनी इराला माझ्या हातातून घेतलं आणि त्या अंधाऱ्या जिन्यातून खाली पळाले. त्यांच्या बायकोने आणि माझ्या आईने मिळून मेघनाला ओढत जिन्यात आणलं. मी कठडा धरत मागोमाग उतरलो.

खाली रस्त्यावर गारांचा खच, पायाखाली कचकच. अबू करीमनी इराला गाडीच्या बॉनेटवर आडवं केलं आणि थंड वाऱ्यात तिच्या गालांवर थापट्या मारत राहिले, "या बिंती, या बिंती," म्हणजे पोरी, पोरी, करत. मी नुसता बघत होतो. माझ्या हातून काही होत नव्हतं. मग तिला एकदम उलटी झाली. उलटी बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल. तोवर कुणीतरी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स आली.

हॉस्पिटलमध्ये तिघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर केरळचे होते, हिंदीत म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर बच्ची हाथ से जाती. इथे हिवाळ्यात अशा केसेस येतात, असंही म्हणाले. पुष्कळ वेळाने इराने डोळे उघडले, मास्कच्या आतून म्हणाली, "बाबा, व्हाय इज आजी क्रायिंग?" मीही रडतच होतो.

जरा सावरल्यावर मी आईला विचारलं, "आई, ती बाई कोण होती? कोणत्या फ्लॅटची? तिचे पाय धरायला पाहिजेत."

"नाव न्हाई सांगितलं बघ."

"हिंदी बोलायलती का?"

आई म्हणाली, "मला कुठं हिंदी कळतंय? मराठीतच बोलली की. आपल्याकडचीच हाय ती. लेकरू म्हणली, उठवा म्हणली... आपल्या लातूरकडच्या बाया बोलतात तसंच."

आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्याशिवाय एकही मराठी घर नाही. आणि इंटरकॉम... तो वाजला कसा? बिल्डिंगमध्ये वीजच नव्हती!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट आली. मी पहिलं काम केलं ते टूलबॉक्स काढायचं. रिसीव्हरची प्लेट भिंतीला रंगाने चिकटलेली होती, म्हणजे कधीतरी रंगकाम झालं तेव्हापासून कुणी ती उघडलेली नव्हती. कटरने रंग कापून ती काढली. आतल्या वायरी बोटभर लांबीवर कापून त्यांना टेप गुंडाळलेली. टेपसुद्धा वाळून कडक झालेली. मागच्या पाइपात टॉर्च मारला... पाइप रिकामा. केबलच नव्हती. बॅटरीची सोयही नाही त्या मॉडेलमध्ये. खाली गेटवर गेलो. जिथे बटणांचं पॅनल असायला हवं तिथे कोरी स्टीलची पट्टी बसवलेली आहे. हारिस म्हणाला, मी आलो तेव्हापासून असंच आहे.

मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या कापलेल्या वायरींचा हिशोब काही लागेना.

मित्रांना सांगितलं. एकजण म्हणाला, अरे कार्बन मोनॉक्साइडने भास होतात, मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. मान्य. मला भास झाला असेल. पण आई उघड्या खिडकीशी होती, तिच्या रक्तात डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. आणि अबू करीम? ते तर स्वतःच्या घरात होते. मी त्यांना मुद्दाम जाऊन विचारलं, तुम्ही दार का उघडलं होतं? ते म्हणाले, "तुमच्याकडे लाँग बेल वाजली. मला वाटलं तुमची वीज आली, आमची का नाही, म्हणून बघायला आलो. मग तुझी मदर कुणाशी तरी बोलत होती." दुसरा मित्र म्हणाला, विजा कडाडल्या असतील, त्याने वायरीत क्षणभर करंट आला असेल, इंडक्शन म्हणतात ते. अहो, इंडक्शनने फार तर एकदा कट् असा आवाज होईल. इंडक्शन लातूरकडचं मराठी बोलत नाही.

आईला मात्र यातलं काहीच विचित्र वाटत नव्हतं. तिच्या दृष्टीने एका बाईने फोन केला आणि नातीचा जीव वाचवला, विषय संपला. आता तिचे आभार मानायला नकोत का? इरा घरी आल्यावर आईने रव्याचे लाडू केले, डबा भरला, आणि इराला दुभाषी म्हणून सोबत घेऊन सगळी बिल्डिंग पालथी घातली. दार उघडलं की इरा विचारायची, "डिड यू कॉल माय आजी?" फिलिपिनो मुली, सीरियन आजीबाई, मल्याळी नर्स... सगळ्यांनी लाडू घेतले, इराच्या गालाला हात लावले, आणि नाही म्हणून सांगितलं. आई प्रत्येक बाईला काहीतरी बोलायला लावायची, आवाज ओळखायला. शेवटी रिकामा डबा घेऊन घरी आली. हिरमुसली होती. "न्हाई घावली रे. यातली कुणाचीच बोली तशी न्हाई."

वायरींचं आम्ही तिला सांगितलेलं नाही. मेघना म्हणाली, नको, तिला एकटीला झोप लागायची नाही. खरं म्हणजे झोप आमचीच उडाली आहे. रिसीव्हर मी भिंतीवरून काढला नाही. काढायची हिंमत होत नाही म्हणा, किंवा काढवत नाही म्हणा... दोन्ही खरं आहे.

आई आता लातूरला परत गेली. दर शुक्रवारी फोन होतो. इराची चौकशी होते, पावसापाण्याचं होतं, आणि ठेवताना ती विचारतेच, "ती बाई घावली का?"

"हुडकायलाव, आई," मी म्हणतो.

मागच्या शुक्रवारी तिने लगेच फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "तुला एक सांगू का... तिचा आवाज रडून रडून बसल्यावानी होता. तवा मला सुचलं न्हाई. तिच्या घरात असंच कुणाचं तरी लेकरू गेलं असंल बघ. त्याबिगर तिला कसं कळंल, झोपलंय का झोपलं न्हाई ते?"

मी हारिसला विचारलं, मालकाच्या ऑफिसात विचारलं, कुवेतमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या दोन-तीन मराठी लोकांनाही विचारलं. या बिल्डिंगमध्ये पूर्वी कोण राहायचं, कुणालाच माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मला भुताखेताचं काही ऐकायचं नाही. फक्त ती बाई कोण, एवढंच आईला सांगायचंय.