गप्प बसायचा तास

नुकती पदवी हातात पडलेल्या मुलामुलींना शिक्षक बनवणं हा माझा धंदा. गरीब वस्त्यांतल्या चर्चच्या शाळांत शिक्षक टिकत नाहीत. तिथे आमची संस्था त्यांना दोन वर्षांसाठी पाठवते. त्याआधी सुट्टीत ती माझ्या तावडीत सापडतात. माझा लाडका विषय एकच: प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने गप्प बसावं, मुलांना विचार करू द्यावा. यावर मी सलग दोन तास बोलतो. बायको म्हणते, "तुमच्या जिभेला सुट्टी कधी?"

एका वर्षी एक मुलगी आली. अख्ख्या प्रशिक्षणात तोंडातून शब्द नाही. "हिचं वर्गात काही खरं नाही," असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगून टाकलं.

काही महिन्यांनी तिचा वर्ग बघायला गेलो. मुख्याध्यापिका सिस्टर मला चांगल्या ओळखून. त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक पाचवीच्या मापाचा, माझे गुडघे हनुवटीला टेकलेले. पुस्तक दोघांत एक, पंखा नुसता शोभेला.

तिने फळ्यावर लिहिलं, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. "मोठं कोण?" विचारलं आणि खडू ठेवून उभी राहिली.

कोणी बोलेना. माझ्या शेजारची मुलगी पेन्सिल चावत होती. मला काही ती शांतता सोसवेना.

"तृतीयांश!" मी ओरडलो.

सगळा वर्ग मागे वळला.

"मागच्या बाकावरचे सर," ती म्हणाली, "हात वर करून बोलायचं. आणि का, तेही सांगा."

मी उठायला गेलो, तर बाक माझ्यासकट उठला. "कारण तीन लहान... म्हणजे चार मोठा, म्हणून लहान..." त त प प झालं.

ती थांबून राहिली. शेवटी पेन्सिलवालीच म्हणाली, "वाटेकरी कमी, म्हणून वाटा मोठा." मग हळूच मला, "बसा आता."

तास संपल्यावर शिक्षकखोलीत तिने मला चहा दिला. "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या सिस्टर दचकल्या. "एवढंच? तब्येत बरी आहे ना?"

घरी सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की भाजी करपली.

दोन वर्षं संपली तरी ती त्याच शाळेत राहिली. सुट्टीत आमच्याकडचा तो गप्प बसायचा तास आता तीच घेते, अर्ध्या वेळात. मी खुर्च्या मांडतो. तिच्या मते, जरा जास्तच आवाज करत.