नसलेल्या पायाची पावडी
त्या दुखण्यातून मला माणसात आणलं ते घरमालकीण कोष्टी मावशीनं, हे आधी सांगतो. नव्या कापडाच्या खळीचा वास आला की तीच आठवते. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रांताची राजधानी होतं. चौथीत शाळा सोडून मी कोकणातून तिथल्या कापडगिरणीत आलो आणि यंत्रात उजवा पाय गेला. जखम भरली, पण नसलेल्या पायाची बोटं आवळून ठणकत राहिली. वेड लागतंय या भीतीनं मी कुणाला सांगत नव्हतो, लाकडी पायही बांधत नव्हतो. "काहून कण्हून राहिला गा?" मावशीनं विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. वाटलं, हसेल. "मंग त्याले कामाले लाव. रिकामा बसून कुरकुर करते तो," म्हणत तिनं मला तिच्या हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून आपल्या शेजारी बसवलं. खाली पायांनी दाबायच्या दोन लाकडी पावड्या होत्या आणि अंधार होता. कोणता पाय आहे, कोणता नाही, दिसेना. "डावी पावडी दाब. आता उजवी." उजवी खाली गेली. तो पाय तिचा होता, मला ठाऊक होतं; तरी माझी आवळलेली बोटं उलगडली. "पाह्य, चालते ना तुया पाय?" रोज तसं बसता बसता मी लाकडी पाय बांधू लागलो. अजूनही कधी ती बोटं आवळतात, तेव्हा डोळे मिटून मी त्या खड्ड्यात उतरतो. आता मावशीचे गुडघे धरलेत म्हणे; एकदा नागपूरला जाईन, शेजारी बसेन आणि तिच्या वाटची पावडी मी दाबेन.