सायप्रसची बाटली आणि खाडीचा राखणदार

ज्याच्या घरचा माणूस बोटीवर, त्याच्या घरात किस्से साचतातच, खाडीत गाळ साचावा तसे. काळजीपोटी माणूस काय काय करून बसतो! आमच्या घरातल्या एका बाटलीचंच घ्या.

*

माझा नातू प्रसाद मालवाहू जहाजावर असतो. मागच्या सुट्टीला सायप्रस बेटावरची दारू घेऊन आला. कमांडारिया म्हणे! तिथल्या डोंगरातल्या गावांत द्राक्षं उन्हात सुकवतात, मग पिळतात. म्हणून काकवीसारखी गोड.

मी म्हटलं, "म्हंजे आमी जवला सुकवतो तशीच की!"

"हा आजे, फक्त वास नाय येत!"

जाताना बाटली माझ्या हातात दिली. "परत आलो की माझ्या साखरपुड्याला उघडू. तवर बाबांपासून सांभाळ!"

बाबा म्हणजे माझा मुलगा दामू.

*

सुनेने, सुनंदाने, बाटली तांदळाच्या पिंपात पुरली. एक दिवस पळस्प्याहून, प्रसादसाठी ठरवलेल्या मुलीकडचे न सांगता आले. मुलीची मावशी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात शिरली, पिंपात माप घातलं, तर बाटलीच वर आली!

सुनंदाचा चेहरा पांढरा. आता सोयरीक मोडते की काय!

मी म्हटलं, "तांदळाला किडा लागू नये म्हणून ठेवतो आमी."

मावशी म्हणाली, "आमी कडुनिंबाचा पाला ठेवतो. तुमचा किडा भारी हाय!"

*

मग प्रसादचा फोन यायचा बंद झाला. कंपनीच्या ऑफिसातून एकच उत्तर, "संपर्क झाला की कळवू." घरात कुणाला घास जाईना. रिंग वाजली की तिघं धावायचो.

एकदा धावताना दामू सोफ्यावर आपटला आणि फोन सुनंदाने उचलला. पलीकडे कुणी मुलगी, "मॅडम, लोन हवंय का?"

सुनंदा हुंदके देत म्हणाली, "लोन नको गं, माझा पोर दे!"

ती मुलगीही रडायला लागली!

*

पाण्यावर गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे राखण देतात. खाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ, कोंबडा आणि दारू. दामू देशी आणायला निघाला, तर मी अडवलं. "पोर परदेशी पाण्यावर. तिथवर देशी पोचंल का? सायप्रसचीच देऊ!"

दामूला घाम फुटला. "आये, ती राहू दे. साखरपुड्याची हाय."

"पोरच नाय आला तर साखरपुडा कुनाचा?"

बांधावर मी नारळ फोडला, कोंबडा दिला, बाटली पाण्यात ओतली. शेवटचा थेंब पडला तसा दामू मटकन खाली बसला.

"आये, ती मी कवाच प्यायलो. आत गूळ घातलेला कोरा चहा हाय!"

राखणदाराला चहा! मी हात जोडले, "बाबा, तुजं देनं राहिलं. कुठूनबी वसूल कर, पन पोराला सांभाळ."

*

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. प्रसाद! सुनंदाच्या हातातून फोन मी ओढून घेतला. दामू कान लावून उभा.

"आजे, जहाजाचं नेट बंद पडलेलं. आमी सगळे मजेत हाव. फक्त काल कॅप्टन लय खवळला."

"का रं?"

"त्याच्या कपाटातली बाटली कुनीतरी संपवली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं, बाटलीचं बूचबी जसंच्या तसं, आत थेंब नाय!"

"कंची बाटली रं?"

"आपल्यावानीच गं. सायप्रसवाली!"