इम्रानला सागरचा आवाज येईना

आमच्या पप्पांनी गाडी अमावास्येला घेतली होती... का, तर शोरूममध्ये गर्दी नसते म्हणून. अशा घरात वाढल्यावर शकुन-अपशकुन वगैरे डोक्यात शिरायचा प्रश्नच नव्हता. आजही मी त्या वाटेला जात नाही. पण इथे ग्रुपवर लोकांचे असे अनुभव वाचते आणि दर वेळी सागर आठवतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते. नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

आम्ही तिघं होतो. सागर गायचा आणि बेस वाजवायचा. एरवी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी. इम्रान ड्रम्सवर. त्याचे वडील ढोलकी-ताशे मढवून द्यायचे, ते तो शाळेत असतानाच वारले. आणि मी गिटारवर — राजारामपुरीत एका क्लासमध्ये अकाउंट्स शिकवणारी. बँडचं नाव ‘भट्टी’. गाणी आमची आम्हीच रचलेली, बोली आपली कोल्हापुरी, बाज रॉकचा. आता कोल्हापुरात बँड म्हटलं की लोकांना वरातच आठवते. लग्नाच्या सुपाऱ्या घेता का, असं माझ्या सख्ख्या आत्यानं विचारलं होतं.

प्रॅक्टिस रविवारी सकाळी, कागलला सागरच्या मामांच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, तरी हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न आत यायचेच. वर्षभर असं रेटल्यावर एका कॉलेजनं गॅदरिंगला बोलावलं. आमचा पहिला शो! सागर तर हवेतच होता.

शो जवळ आला असताना एका रविवारी आम्ही नवीन गाणं बसवत होतो. मध्येच इम्राननं वाजवायचं थांबवलं.

“सागऱ्या, गातोयस का नुसतं तोंड हलवतोयस?”

आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. सागरनं माईक तपासला, वायर बदलली. मला तर त्याचा आवाज खणखणीत येत होता. परत सुरू केलं, परत इम्रान थांबला. गिटार येते, बेस येतो, बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येतो, म्हणाला, पण सागरचं काहीच येत नाही. मग सागर माईक सोडून त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि नेहमीसारखा बोलायला लागला. इम्रान त्याच्या ओठांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता... तो मला अजून दिसतो.

कानाच्या डॉक्टरांनी इम्रानला मशीनवर तपासलं. कान ठणठणीत. मी त्याला मोबाईलवरची आमची रेकॉर्डिंग्ज ऐकवली. आधीच्या रविवारच्या गाण्यांत त्याला सागर ऐकू येत होता. त्या रविवारच्या गाण्यात फक्त वाद्यं.

दवाखान्यातून निघून आम्ही दोघं चहाच्या गाड्यावर थांबलो. तिथे त्यानं मला सांगितलं — आजवर घरातही कुणाला न सांगितलेलं.

“अब्बांचं असंच झालतं.”

शाळेतून घरी आला तर अब्बा बोलतायत आणि याला आवाज नाही. अम्मीचा येतोय, गल्लीतला येतोय, फक्त त्यांचा नाही. आपलेच कान बिघडले असं वाटून भीतीनं तो गप्प राहिला. थोड्याच दिवसांत अब्बा झोपेतच गेले.

सागरला यातलं काही सांगायचं नाही, असं माझं म्हणणं. उगाच पोराच्या डोक्यात किडा कशाला? इम्राननं नकारार्थी मान हलवली.

“सांगायचं. अब्बा त्या दिवसांत माझ्याशी कायबाय बोलले असतील की गं. मला त्यातलं एक अक्षर ठावं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी कागल स्टँडवर आम्ही सागरला गाठलं आणि सगळं सांगितलं. मग मोबाईलवर टाईप करून त्यानं इम्रानपुढे धरलं — ‘शो होऊ दे. मग बघू.’

विश्वास नाही म्हणाला, पण घाबरला होता. बीपी, ईसीजी करून घेतलं, दोन्ही चांगले निघाले. बाईक घरी ठेवून एसटीनं कामावर जायला लागला. पोराला अक्कल आली म्हणून त्याची आई खूश होती.

शो दुपारी, कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. मी पायानं ठेका धरत होते आणि इम्रान माझ्या पायाकडे बघून वाजवत होता. एक बीट चुकला नाही. आणि सागर... तसा तो आधी कधीच गायला नव्हता. पोरं उठून उभी राहिली, शेवटचं गाणं परत घ्यायला लावलं.

नंतर स्टेजमागे मी वायरी गुंडाळत होते. बघते तर सागरनं इम्रानला मिठी मारलेली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलतोय. बराच वेळ बोलत होता. इम्रान नुसती मान हलवत होता. सागर पोरांच्यात निघून गेला, तसा इम्रान माझ्याकडे आला.

“काय बोलला त्यो? तुला ऐकाय आलं?”

मलाही ऐकू आलं नव्हतं. हॉलमध्ये गोंगाट होता, मी लांब होते. उद्या त्यालाच लिहून मागू, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी इम्राननं मेसेज टाकला, तर सागरनं नुसता हसरा चेहरा पाठवला.

त्याच आठवड्यात एका सकाळी सागर कामावर निघाला होता. उंबऱ्यावर बसून बूट घालत होता, आई आत चहा ओतत होती. तिथेच एका अंगावर कलंडला. मेंदूतली शीर फुटली म्हणाले. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

योगायोग, मनाचे खेळ, जुन्या धक्क्याचा परिणाम — सगळं ऐकून झालंय. मीही तेच म्हणते. पण त्या रविवारचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात सागर स्पष्ट गातो. इम्रानला मी ते सागर गेल्यावर परत ऐकवलं, तर त्याला अजूनही दोनच वाद्यं आणि ड्रम्स ऐकू येतात. याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

‘भट्टी’ तिथेच संपली. भांडण नाही, काही नाही... आम्ही भेटायचंच टाळत गेलो. मध्ये एकदा महाद्वार रोडला इम्रान समोरून येताना दिसला. मी हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानंच मला पाहिलं आणि घाईघाईनं खिशातून इअरफोन काढून दोन्ही कानांत घातले. मग हसून हात केला. इअरफोनच्या वायरचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं.

मीही हात केला. तोंड मिटूनच पुढे गेले.