येताना हँडल कोण मारणार?

मामीने उभं आयुष्य दुसऱ्यांचे कपडे शिवले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने नजरेनेच माप घेतलेलं असायचं. पन्नाशी उलटल्यावर तिला शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागली. शाळा टेकडीपलीकडे, तिकडे बस जात नाही. दारात जुनी गाडी होती, माझ्याहून वयाने मोठी. मामी ती झकास चालवायची, पण आठ वर्षांपूर्वी गाडीचा स्टार्टर जळला. तेव्हापासून मामी आत बसायची आणि मामा पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचा. मामा नाही तर गाडी नाही.

"जाताना मी मारून देईन हँडल," मामा म्हणाला.

"आणि येताना? मुख्याध्यापक मारणार?"

त्याच आठवड्यात हँडल उलटं फिरलं आणि मामाचं मनगट मोडलं. शाळा सोमवारी उघडणार होती. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "स्टार्टर काढून आणा दुकानात, बघतो."

रविवारी सकाळी मामीने पदर खोचून बॉनेट उघडलं. टॉर्च माझ्याकडे. मामा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीत.

"आधी बॅटरीची वायर सोडव."

"सोडवली."

"गंजून बसला असेल गं तो. निघायचा नाही. राहू दे."

"तुमचा एक हात, माझे दोन. बसा गप."

तिचा हात इंजिनच्या कडेने कोपरापर्यंत खाली गेला. कपड्याची उलटी बाजू चाचपावी तशी ती डोळे मिटून चाचपत होती. मग थांबली.

"टॉर्च इकडे धर."

स्टार्टरची जाड वायर त्याला लावलेलीच नव्हती. बाजूला बांधून ठेवली होती. टोकाला काळी टेप आणि टेपचा शेवट दुमडलेला, म्हणजे सोडवताना नखाने उकरत बसायला नको. घरातल्या इस्त्रीपासून टेबललॅम्पपर्यंत प्रत्येक वायरला मामाने टेप अशीच गुंडाळली आहे.

मामीने दुमड धरून ओढली. आतलं तांबं लखलखीत.

"हे कधी केलंत?"

मामाने प्लास्टरकडे बघितलं. "जळला तेव्हा खरंच जळला होता. वर्षभराने मी दुरुस्त केला."

"मग?"

"तोवर सवय झाली होती. तू आतून हात करायचीस, मी फिरवायचो. आपण दोघं बरोबर निघायचो. म्हटलं, असू दे असंच."

"त्यानंतर माझी ताई आजारी पडली तेव्हा तुम्ही परगावी होतात," मामी सावकाश म्हणाली. "दारात गाडी असून मी दोन दिवस घरात बसून काढले. फोनवर एक शब्द बोलायचंत."

मामीने पुन्हा इंजिनात हात घातला.

"पाना दे गं," ती मला म्हणाली.

तिने वायर लावली, नट आवळला, बॅटरी जोडली, आत बसून बटण दाबलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि सुरू झालं.

मामा उठला. "मी येतो बरोबर, रस्ता..."

"नको."

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आवाज थांबला. मामा दोन पावलं पुढे गेला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू.

ती परतल्यावर मामाने हळूच विचारलं, "बंद पडत होती का?"

"मी बंद करत होते. तीनदा केली, तीनदा सुरू झाली." मामीने हात पुसले. "उद्या शाळेतून एक वाजता सुटेन. जेवण तुम्ही गरम करून ठेवा."